मॅक्रोसाठी बॉलहेड: लॉक केल्यावर कॅमेरा मान टाकतोय, कोणता घेऊ?

दवबिंदू:
नमस्कार मंडळी, वर्षभर मॅक्रो, म्हणजे किड्या-फुलांचे अगदी जवळून फोटो, करतोय. फुलफ्रेम मिररलेस आणि १०० मिमी मॅक्रो लेन्स, दोन्ही मिळून दीड किलोच्या आतबाहेर. बॉलहेड (ट्रायपॉडवरचा भाग, कॅमेरा गोळ्यावर फिरवून नॉबने आवळायचा) छोटा आहे, बॉल ३० मिमीचा, पण खोक्यावर ८ किलो लिहिलंय म्हणून निर्धास्त होतो. लँडस्केपला कधीच त्रास झाला नाही, मॅक्रोला मात्र वैताग आलाय.

काल पहाटे गवताच्या पातीवर एक चतुर बसलेला, पंखांवर दव, अजिबात हलत नव्हता. डोळ्यावर फ्रेम लावली, नॉब घट्ट केला, हात सोडला आणि फ्रेम घसरली, डोळा पार वरच्या कडेला. परत वर घेतलं, परत तेच. सहा-सात वेळा केलं असेल, तोवर ऊन आलं, पंख वाळले आणि गेला उडून. इतका जवळून, इतका शांत बसलेला चतुर रोज मिळत नाही हो, फार वाईट वाटलं.

तर आता ४४ मिमी बॉलवाला मोठा हेड घ्यावा का? की मॅक्रोला बॉलहेड नकोच, गिअर्ड हेड घ्यावा? मी बाहेर किडे जास्त करतो, घरात फुलं-पानं कधीतरी. जे वापरताय त्यांनी सांगा प्लीज.

पाऊणमिमी:
पहिली गोष्ट, तो ८ किलोचा आकडा डोक्यातून काढा. हे मोजायची सगळ्या कंपन्यांची मिळून एक ठरलेली पद्धत नाहीये, त्यामुळे एकाचे ८ आणि दुसऱ्याचे ८ यांची तुलनाच होत नाही. आणि वजन बॉलच्या बरोब्बर वर असेल तर छोटा हेडसुद्धा बरंच पेलतो, तुमचं वजन पुढे लोंबतंय ना, म्हणजे बॉलवर येतोय तो पीळ. दीड किलोच, पण बॉलपासून ७-८ सेंमी पुढे.

आता मॅक्रोलाच का छळतं ते बघा. समजा लॉक करताना हेड फक्त ०.२ अंश झुकला. लँडस्केपला कळणारही नाही. पण १:१ ला (किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच पडतो तेव्हा) तुमच्या फ्रेममध्ये येतं किती, ३६ बाय २४ मिमी. बॉलपासून किडा २५ सेंमीवर धरला तर ०.२ अंशात फ्रेम जवळजवळ ०.९ मिमी खाली जाते, म्हणजे २४ मधला पाऊण-एक मिमी गेला. आणि दुसरी गोष्ट लोक विसरतात, लेन्स बॉलच्या मध्यापासून ९-१० सेंमी वर असते, त्यामुळे हेड पुढे झुकला की लेन्स पुढेही सरकते, ०.३ मिमीच्या आसपास. एफ/८ ला १:१ वर डेप्थच (फोकसमध्ये स्पष्ट येणारी जाडी) मिळते जेमतेम १ मिमी, त्यातला तिसरा हिस्सा नुसत्या नॉब पिळण्यात गेला!! फ्रेम तर हललीच, फोकसही हलला.

नवीन काही घ्यायच्या आधी एक टेस्ट करा. स्टीलची पट्टी भिंतीला टेकवून उभी करा, १:१ वर फोकस करा, एक रेघ बरोब्बर मध्ये घ्या, लॉक करा, हात सावकाश सोडा आणि स्क्रीन मॅग्निफाय करून किती मिमी उतरलं ते वाचा. हेच लेन्स ४५ अंश खाली वाकवून पण करा. कोणताही हेड घ्यायच्या आधी स्वतःचा कॅमेरा लावून हीच टेस्ट करायची, त्यापुढे खोक्यावरच्या आकड्याला काही किंमत नाही.

शेवाळ:
मी उलट बाजूने सांगते. माझे विषय हलत नाहीत, शेवाळ, बुरशी, बिया, आणि मला गिअर्ड हेड मिळाल्यापासून परत बॉलहेडकडे जावंसं वाटलेलं नाही. बॉलहेडचा मूळ प्रॉब्लेम असा की नॉब सैल केला की तिन्ही दिशा एकदम सुटतात, तुम्हाला फ्रेम फक्त जराशी डावीकडे हवी असते आणि त्या नादात क्षितिज पण वाकडं होतं. गिअर्डमध्ये एक नॉब फिरवला की एकच दिशा हलते, आणि हात काढला की फ्रेम जिथल्या तिथे, वेगळं लॉक करायचं कामच नाही. फोकस स्टॅकिंग (फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले फोटो एकत्र करणं) करणार असाल तर हे सोन्यासारखं आहे. आणि स्टॅकिंग लागतंच, कारण नुसतं अ‍ॅपर्चर बंद करत गेलात तर १:१ ला एफ/२२ हे प्रत्यक्षात एफ/४४ सारखं वागतं, सगळं मऊ पडतं.

वजन मात्र बघून घ्या. मॅनफ्रोटो ४१० सव्वा किलोच्या आसपास आहे आणि त्याची प्लेट (कॅमेऱ्याखाली लावून हेडवर अडकवायची ती) त्याची स्वतःची, बऱ्याच कंपन्या वापरतात त्या अर्का टाइपची नाही, म्हणजे तुमच्याकडे अर्काच्या प्लेटा असतील तर क्लॅम्प बदलायचा उद्योग आला. बेन्रोचा गिअर्ड हेड सरळ अर्का घेतो.

पहाटपक्षी:
शेवाळताईंचं स्थिर विषयांना शंभर टक्के मान्य. पण दवबिंदूभाऊ, तुमचे किडे आहेत. पहाटे गारठलेला चतुर तुम्हाला वेळ देतो खरा पण गवतात ट्रायपॉड लावताना पातीला धक्का लागला की परत जागा शोधा, अशा वेळी तीन नॉब फिरवत बसायला जमत नाही, मला तरी जमलं नाही. मी बॉलहेडवरच आहे आणि दोन गोष्टींनी माझं काम झालं.

एक, ट्रायपॉड कॉलर, म्हणजे लेन्सभोवती बसणारी कडी, ती हेडला लावायची. तुमच्या लेन्सला कॉलर बसते का ते आधी बघा. कॉलर लावली की कॅमेरा मागे, लेन्स पुढे, मधे बॉल, तोल आपोआप जमतो आणि पीळ बराच कमी होतो, शिवाय बॉल किड्याच्या जवळ येतो. आणि उभी फ्रेम हवी तर कॉलरमध्येच कॅमेरा फिरवायचा, बॉल हेडच्या बाजूच्या खाचेत पाडायची गरज नाही, तिथे तर छोटे हेड हमखास मान टाकतात.

दोन, फ्रिक्शन नॉब, बॉल किती जड फिरेल ते ठरवणारा. कित्येकांच्या हेडला तो असतो आणि कोणी हात लावत नाही. लेन्स ४५ अंशात धरा, मेन नॉब हळूहळू आवळत जा, एका पॉइंटला हात काढला तरी कॅमेरा पडत नाही पण बोटाने ढकलला तर हलतो, तिथे फ्रिक्शन सेट करा. मग लॉक करायला पाव फेरापेक्षा कमी पीळ पुरतो आणि जितका कमी पीळ तितकी फ्रेम कमी हलते. नॉब जीव खाऊन आवळू नका, त्यानेच बॉल सरकतो. बॉलला तेल-ग्रीस तर चुकूनही नाही, कोरड्या फडक्याने पुसायचा बस.

मोठा बॉल घ्याच, ४४ किंवा त्याच्या वर. पकड बॉलच्या बाहेरच्या अंगावर बसते, त्यामुळे बॉल मोठा की तेवढ्याच आवळण्यात जास्त पीळ धरला जातो. अर्का-स्विसच्या मोनोबॉलमध्ये तर बॉल मुद्दामच पूर्ण गोल नसतो, कॅमेरा जसजसा कलेल तसतशी पकड वाढते, एकदम धाडकन पडत नाही. वापरून बघायची संधी मिळाली तर सोडू नका.

दवबिंदू:
सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टीची टेस्ट केली आणि चक्रावलोच. आडवी लेन्स, फ्रेम १.५ मिमी उतरली. ४५ अंशात जवळपास २. मग सहज बोटाने लेन्सचं टोक हलकंसं दाबलं तर बॉल जागच्या जागी आणि कॅमेरा प्लेटवर हलतोय! प्लेटवर जाड मऊ रबर आहे, ते दबतंय. मित्राची रबर नसलेली, मागे बॉडीला अडणारी कड असलेली प्लेट लावली, त्याच हेडवर १ मिमीच्या जरा आत आलं. मग त्याचीच कॉलर लावून बघितली, ०.४. म्हणजे हेड तोच आणि १.५ चं ०.४ झालं, मी तर उद्या नवीन हेडच घेणार होतो.

तेव्हा आधी प्लेट आणि कॉलर, मग ४४ चा बॉलहेड, असं ठरवलंय. एकच शंका, फोकसिंग रेल (हेडवर बसवून कॅमेरा पुढे-मागे सरकवायची पट्टी) पण घ्यायचा विचार आहे, त्याने परत मान टाकेल का?

पाऊणमिमी:
वा, प्लेटचं बरं सापडलं, हे मलाही सुचलं नव्हतं. रेलने थोडा फरक पडणार, कारण सगळं आणखी २-४ सेंमी वर जातं, आणि कॅमेरा खाली वाकवला की तेवढाच पीळ वाढतो. म्हणून रेल बुटका बघा, स्क्रूवर चालणारा, आणि रेललाच अर्का क्लॅम्प असलेला, म्हणजे मधे आणखी एक प्लेट येणार नाही. कॅमेरा रेलच्या टोकाला नेऊ नका, मधे ठेवून पुढे-मागे थोडंच खेळवा. आणि ट्रायपॉडचा मधला दांडा खालीच राहू द्या, तो वर काढला तर हेड कितीही चांगला असो, खालूनच डुलतं.

शेवाळ:
आणि नॉब लावल्यावर लगेच क्लिक नको, २ सेकंदाचा टायमर लावा, स्टॅबिलायझेशन बंद. त्या ०.४ साठी फ्रेम लावतानाच ती ०.४ मिमी वर धरा, म्हणजे रेघ मध्याच्या तेवढी खाली, हात सोडला की जागेवर येते. बॉलहेड वापरायचे तेव्हा मी असंच करायचे.

दवबिंदू:
हे भारी आहे, आत्ताच पट्टीवर करून बघितलं, तिसऱ्या वेळेला रेघ मधोमध आली. उद्या पहाटे परत त्याच गवतात जातोय.