वरच्या कानाला बंदूक नको, आणि बारशाला घाई नको

औषधवाली, लातूर

ट्यूशन एरियात माझं औषधांचं दुकान आहे. उन्हाळा लागला की मुली येतात, तोंडावरचा स्टोल बाजूला करतात, कान दाखवतात आणि म्हणतात, "ताई, सुकायची ट्यूब द्या." कानाची पाळी चांगली असते. वरचा कडक भाग मात्र लालबुंद, तापलेला, हात लावू देत नाहीत इतका दुखरा. कुठं टोचलं विचारलं तर कानातल्यांच्या दुकानात, टोचायच्या बंदुकीनं. कानातलं घेतलं की टोचणं फुकट.

कान टोचण्याला माझा विरोध नाही. माझेही टोचलेले आहेत, नाकात चमकी आहे. पण दोन गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत. पहिली: वरच्या कानाला बंदूक लावू देऊ नका. बंदुकीतला खडा सुईसारखा धारदार नसतो, स्प्रिंगच्या जोरावर तो आत घुसवतात. पाळी मऊ असते, ती सोसते. वरच्या कूर्चेला, म्हणजे त्या कडक भागाला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, वरच्या पातळ आवरणातून तिला काय मिळेल तेवढंच. तिथं असा दणका बसला तर कूर्चा ठेचली जाते आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. शिवाय या बंदुका बहुतेक प्लॅस्टिकच्या. दवाखान्यातली हत्यारं वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात, तसं यांना करता येत नाही. नुसती स्पिरिटची पुसणी मारून तीच पुढच्या कानाला.

दुसरी गोष्ट लहान लेकरांची. बाराव्या दिवशी कान टोचायची घाई कशाला? सरकारी दवाखान्यात पेंटाव्हॅलंट लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना फुकट मिळते, तिच्यात धनुर्वाताची लस असते. ते तीन डोस होऊ द्या, मग टोचा.

तुमचं काय म्हणणं आहे?

सोनारगल्ली, अंबाजोगाई

ताई, बंदुकीबद्दल बोललात ते शंभर टक्के मान्य. पण तुम्ही सोनाराचं नावही घेतलं नाही, ते खटकलं. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या कान आम्ही टोचले.

आमच्याकडं वेगळी सुई नसतेच. सोन्याची बारीक तार घेतो, कानशीवर घासून तिला टोक काढतो. पाळीवर आधी ठिपका देतो, दोन्हीकडचे ठिपके समोरून बघतो आणि मग तार आरपार. तीच तार वळवून तिथंच बाळी होते. एका लेकराची तार दुसऱ्याच्या कानात जायचा प्रश्नच येत नाही, ती लेकरासोबत घरी जाते. एवढं स्वच्छ तुमच्या बंदुकीत आहे का? वर फिरकी नाही, की घट्ट बसून पाळीत रुतत नाही.

आणि वरचा कान म्हणाल तर बुगडी कुठं घालत होत्या आपल्या आज्या? कानाच्या वरच्या कडेलाच ना? ती भोकंही तारेनंच पडली.

बारशाचं म्हणाल तर बाराव्या दिवशी पाळी लोण्यासारखी मऊ असते. लेकरू एकदा रडतं, आईनं पाजलं की झोपतं.

परभणीची माय

सोनारभाऊंचं बरोबर आहे. माझ्या दोन्ही लेकरांचे कान बारशालाच टोचले. मामानं मांडीवर घेतलं, सोनार घरी आला, कायी झालं नाही. तुम्ही म्हणायलात थांबा. पण थांबलं की लेकराला हात कळायला लागतात. माझ्या जावेच्या पोरीचे आठव्या महिन्यात टोचले, तर ती सारखी बाळी ओढायची. रातभर तिचे हात धरून बसावं लागायचं. बारा दिवसांच्या लेकराचे हात दुपट्यात गुंडाळलेले असतात, ते कशाला ओढतंय?

आन्‌ एक सांगते, तार घातल्यावर हळद आन्‌ खोबरेल तेल लावायचं. नाक टोचलं की काही दिवसांनी चमकी काढून कडुलिंबाची काडी घालायची. आमच्या सासूबाई खराट्याची काडी घालायच्या. भोक मुजत नाही.

बालरोग, नांदेड

काडीवरून सुरुवात करतो, कारण ती ऐकून अंगावर काटा येतो. खराटा अंगण झाडतो. त्याची काडी ओल्या जखमेत घालणं म्हणजे अंगणातली माती जखमेत घालणं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणातच असतात. कडुलिंबाची काडीसुद्धा नको. तिची साल निघते, तंतू आत राहतो आणि भोवती मांस वाढतं. नाकातली पहिली चमकी मध्येच काढायचीच नाही. नाकपुडी भरायला साधारण दोन ते चार महिने लागतात, कधी त्याहून जास्त.

परभणीच्या ताईंचा बाळी ओढण्याचा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. धनुर्वाताबद्दलही औषधवाल्या ताईंनी अर्धंच सांगितलं. गरोदरपणात आईनं टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीची, इंजेक्शनं घेतली असतील तर तिच्याकडून बाळाला थोडं संरक्षण मिळालेलं असतं. माझी भीती दुसरी आहे. पहिल्या महिन्यातल्या बाळाच्या अंगात जंतू पसरायला वेळ लागत नाही. अशा बाळाला ताप आला तर कारण कोणतंही असो, आम्हाला त्याला भरती करावं लागतं, रक्त तपासावं लागतं, कधी पाठीतलं पाणीही. एवढ्याशा पाळीसाठी तो धोका मी माझ्या घरात घेतला नसता. "कायी झालं नाही" असं ज्यांच्याकडं म्हणता येतं ते बारशाला सांगतात. ज्यांच्याकडं झालं ते सांगत नाहीत.

घनसावंगीचा बाप

सगळे शहाणे शहरातले दिसतात. निर्जंतुक सुई, स्टुडिओ, डॉक्टर. आमच्या गावातून तालुक्याला जायचं तर रोज बुडतो. एप्रिलपासून टँकर. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोरीचे कान कधी टोचायचे? कोपीवर, फडावरच्या झोपडीत? तर जत्रेत. जावळ काढायला तुळजापूरला गेलो की तिथंच, नाहीतर माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. पाल टाकून बसलेला माणूस दोन मिनिटांत दोन्ही कान टोचतो. तुम्ही नुसतं नको म्हणता, मग करायचं काय ते सांगा. आणि परवडेल ते सांगा.

औषधवाली, लातूर

दादा, रास्त विचारलंत. जत्रेतल्यापेक्षा तालुक्याच्या गावचा ओळखीचा सोनार केव्हाही बरा. बाजारहाटाला जाल त्याच दिवशी उरका. त्याला तीन गोष्टी करायला लावा: हात साबणानं धुवायचे, तार आणि चिमटा उकळत्या पाण्यातून दहा-पंधरा मिनिटं काढायचे, पाळी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची. याला फारसे पैसे लागत नाहीत.

घरी आल्यावर उकळून गार केलेल्या कपभर पाण्यात पाव चमचा साधं मीठ. टँकरचं पाणी असलं तरी उकळलं की चालेल. स्वच्छ कापड त्यात भिजवून सकाळ-संध्याकाळ पुढून-मागून लावायचं, खपली मऊ झाली की आपोआप निघते. नखानं काढायची नाही. मेडिकलमध्ये सलाईनची लहान बाटली मिळते, तीही चालते. हळदतेल नको, तेलानं धूळ चिकटते आणि भोकाचं तोंड बंद होऊन आत पू साठतो. स्पिरिट रोज नको, नवी कातडी जळते. आणि तार गोल गोल फिरवायची ती सवय सोडा. फिरवलं की आत भरत आलेली जखम पुन्हा फाटते. पाळी दीड-दोन महिन्यांत भरते, तोवर तार काढायची नाही.

वांगं, आंबट बंद करायचं असं सगळ्या घरांत सांगतात. खाऊ द्या पोरीला. जखम बाहेरच्या घाणीनं चिघळते.

दुसऱ्या वर्षाची, संभाजीनगर

मला या चर्चेतला सूरच पटत नाही. लहान लेकरांना न विचारता टोचायचं की नाही यावर तारखांचा खल चाललाय, आणि आम्ही मोठ्या मुलींनी स्वतःच्या इच्छेनं वरचा कान टोचला की "ताई, सुकायची ट्यूब द्या" म्हणणाऱ्या बावळट. माझ्या वरच्या कानात दोन आहेत. स्टुडिओत, पोकळ सुईनं, माझ्यासमोर पाकीट फोडून. टायटॅनियमची दांडी, आणि सूज येईल म्हणून सुरुवातीला मुद्दाम लांब दिलेली. सूज उतरल्यावर आखूड बसवून घेतली. पैसे जास्त गेले, माझ्या शिकवणीच्या पैशातून गेले.

घरी काय ऐकलं असेल ते सांगायला नको. भिकबाळी घालून पुरुष मिरवले तर तो रुबाब. आमच्या कानात खडा दिसला की वाया गेली. नाथपंथी कानफाटे तर कूर्चेतूनच मुद्रा, म्हणजे मोठी कुंडलं, घालतात, त्यांच्या पाया पडतात लोक.

औषधवाली, लातूर

बावळट मी म्हटलेलं नाही आणि म्हणणार नाही. तू केलंस तसं केलं तर माझी तक्रारच नाही, माझा राग फुकट टोचून देणाऱ्या दुकानांवर आहे. पण तूही एक सांग ना पोरींना, की वरचा कान भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. हे दुकानदार सांगत नाही. दोन आठवड्यांत दुखणं थांबलं की मुलींना वाटतं झालं. मग स्टोल गच्च बांधून उन्हात स्कूटी, आत घाम, जाळीदार कापडाचा धागा खड्यात अडकतो, स्टोल ओढला की सगळं पुन्हा ओलं. रात्री त्याच कुशीवर झोपणं, त्यावर इअरफोन.

आणि लातूरपुरतं सांगते. नीटची परीक्षा मे महिन्यात असते. केंद्रावर कानातलं, चमकी सगळं काढायला लावतात. मार्चमध्ये टोचलेलं असेल तर फाटकाशी उभं राहून, घाबरलेल्या हातांनी ते काढायचं, आणि तीन तासांत ताजं भोक आक्रसतं. संध्याकाळी बळजबरीनं पुन्हा घुसवतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडं येतात. हौस आहे ना, मग परीक्षा झाल्यावर टोचा.

बालरोग, नांदेड

वरच्या कानाबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. पाळी नीट आणि वरचा कान सुजलेला, गरम, प्रचंड दुखरा, अशी अवस्था असेल तर ट्यूब लावत बसू नका. कूर्चेत होणारा हा संसर्ग बऱ्याचदा स्यूडोमोनास नावाच्या, ओलाव्यात वाढणाऱ्या जंतूचा असतो. दुकानातली नेहमीची मलमं त्याच्यावर चालत नाहीत. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साठला की कूर्चेचा पुरवठा तुटतो, ती मरते आणि कानाचा आकार कायमचा बसतो. नंतर प्लॅस्टिक सर्जनलासुद्धा पहिला कान देता येत नाही. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा. औषधवाल्या ताई, अशा मुलीला ट्यूब न देता परत पाठवा.

औषधवाली, लातूर

पाठवते. भांडूनसुद्धा पाठवते.

एका मुलीचा बाबा, हिंगोली

आम्ही मुलीचे कान टोचलेच नाहीत. बारशाला नाही, लस झाल्यावरही नाही. शरीर तिचं आहे, दुखणार तिला आहे. ती मागेल तेव्हा टोचू. आजी बोलत नव्हती आमच्याशी. इथं सगळे बारा दिवस की चौदा आठवडे यावर भांडतात, "मुळात का?" हे विचारत नाही कोणी. लेकरू मुलगी आहे हे ओळखू यावं म्हणून? मुलगी आहे हे पाळण्यातच कानावर कोरायचं?

परभणीची माय

आमच्याकडं पोरांचेबी टोचतात, भाऊ. ओळखायसाठी नाही टोचत. कोरणं म्हणू नका, लाड असतो तो. आजीनं स्वतःची कुडी मोडून नातीची तार केलेली असते.

बालरोग, नांदेड

हिंगोलीच्या बाबांचा निर्णय मला आवडला. एक वैद्यकीय बाब त्यांनी मनात ठेवावी. काहींच्या कातडीत जखमेच्या जागी गाठ वाढत जाते, तिला केलॉइड म्हणतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तिचं प्रमाण जास्त आहे, आणि अकरा वर्षांनंतर टोचलेल्या कानांत ती जास्त दिसते. घरात कोणाला अशी गाठ असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की तिला विचारता येतं, तिला काळजीही घेता येते.

वैद्य, धाराशिव

परंपरेचं नाव घेऊन बाराव्या दिवसाचा आग्रह धरणाऱ्यांनी सुश्रुतसंहिता उघडावी. सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय कर्णवेधाचाच आहे. तिथं सहावा किंवा सातवा महिना सांगितलाय, शुक्ल पक्ष. मुलाचा आधी उजवा, मुलीचा आधी डावा. कान उन्हासमोर धरायचा, म्हणजे पाळीतला पातळ भाग दिसतो, आणि एका झटक्यात सरळ टोचायचं. कालिका, मर्मरिका, लोहितिका या शिरा दुखावल्या तर काय काय त्रास होतो तेही लिहून ठेवलंय. आणि जखम बिघडली तर भोकात घातलेली कापसाची वात लगेच काढून लेप द्यायचा, बरं झाल्यावर पुन्हा टोचायचं. इतक्या जुन्या माणसानं "बिघडलं तर काढा आणि थांबा" लिहिलंय, आणि आपण पू वाहत असताना घरच्या घरी रेटत राहतो.

लस आणि सुश्रुत दोघंही सहाव्या महिन्याला राजी आहेत. मग भांडण कसलं?

सोनारगल्ली, अंबाजोगाई

भांडण नाही, पण माझी बाजू ऐका. बारशाला बोलावणं आलं आणि मी "सहा महिन्यांनी या" म्हटलं तर ते घर दुसऱ्याकडं जाईल, तो जत्रेतला असेल किंवा बंदूकवाला. म्हणून मी जाणार. पण जाताना तार आणि चिमटा उकळून डब्यातून नेईन, हातमोजे घालीन. लेकरू अपुऱ्या दिवसांचं असेल, कावीळ असेल, अंग तापलेलं असेल तर टोचणार नाही, मग कोणी कितीही रागावो. आणि हळदतेल लावू नका, मिठाचं पाणी लावा, हे आता मीच सांगत जाईन. आजी लोकांना डॉक्टरपेक्षा आमचं लवकर पटतं.

धाराशिवच्या वैद्यांनी सांगितलेलं उन्हासमोर धरून बघायचं मात्र आमच्या वडिलांकडूनच शिकलोय. दुकानात ऊन येत नाही म्हणून आम्ही ओट्यावर येऊन टोचतो.