रोशेल तेल आणि 'पामारोसा' एकच का?

गौरी_पुणे: सासूबाईंचं माहेर नंदुरबारचं. थंडी सुरू झाली की त्यांना गुडघ्यांना रोशेल तेल लागतंच. यंदा गावाकडची बाटली आली नाही, म्हणून मी ऑनलाइन 'पामारोसा' मागवलं. दुकानदार म्हणाला, हे तेच. सासूबाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि "हे अत्तर आहे, औषध नाही" म्हणत बाटली माझ्या हातात परत दिली! खरंच वेगळं असतं का? गुडघ्यांना नुसतं चोळलं तर चालेल? शिवाय मुलगा दीड वर्षाचा आहे, डासांसाठी त्याच्या पायांना लावू का? खोलीत तेलाचा वास पसरवणारा डिफ्यूझरही घरात पडून आहे.

तळोद्याचा_भाऊ: ताई, हे तेल ज्या गवतापासून काढतात ते दोन तऱ्हेचं असतं, सगळी गोम तिथेच आहे. रोशा गवत, म्हणजे आमची तिखाडी. त्यात एक मोतिया, एक सोफिया. दिसायला इतकी सारखी की जाणकारही चकतो. मोतिया कोरड्या, उघड्या उतारावर विरळ वाढतं. त्याच्या तेलात पाऊण हिश्श्याच्या आसपास जिरॅनिऑल नावाचा सुवासिक घटक, म्हणून गुलाबासारखा गोड वास. पामारोसा म्हणून विकतात ते हेच. सोफिया ओलसर जागी दाट माजतं, आणि त्याच्या तेलाला आल्यासारखा उग्र भपका. बाजारात त्याला जिंजरग्रास म्हणतात. तुमच्या सासूबाईंच्या नाकात बहुतेक सोफिया बसलंय, नाहीतर दोन्हींचं मिश्रण. डोंगरातून कापून आणलेल्या भाऱ्यात दोन्ही येणारच, भट्टीवर कोण निवडत बसतंय!

भट्टी म्हणजे काय थाट नव्हता. आजोबा सांगायचे, पाऊस ओसरून गवत फुलोऱ्यात आलं की ओढ्याकाठी चूल मांडायची. मोठ्या हंड्यात पाणी घालून गवत पायाने दाबून भरायचं, झाकणाची सांध पिठाच्या लगद्याने लिंपायची. बांबूच्या नळीतून वाफ ओढ्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात उतरायची. थंड झालं की पाण्यावर पिवळसर तेल तरंगतं, ते अलगद काढून घ्यायचं. शंभर किलो ओल्या गवतामागे फार तर अर्धा किलो. हातांना तो वास दिवाळीपर्यंत राहायचा म्हणे.

आणि सासूबाईंना सांगा, अत्तर म्हणाल्या त्यात तथ्य आहे. खानदेशचं हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रावाटे तुर्कस्तानात जायचं. तिकडे त्याला 'इद्रिस याघी' म्हणत, आणि ते गुलाबाच्या महागड्या अत्तरात बेमालूम मिसळलं जायचं. गुलाबातही जिरॅनिऑल असतंच, मग पकडणार कोण? आमच्या डोंगरातलं गवत युरोपात गुलाबाच्या भावाने खपलं, कापणाऱ्याला मात्र भाऱ्याची मजुरी.

निवेदिता_अरोमा: वासाचं भाऊंनी सांगितलंय, मी वापराचं सांगते. नुसतं लावू नका, दोन्हींपैकी कुठलंही. 30 मिली तिळाच्या तेलात साधारण 12 थेंब टाका, म्हणजे 2 टक्के होतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा, कारण जिरॅनिऑलने काहींना पुरळ उठतं. गुडघ्यांना आराम पडतो त्यात चोळण्याचा आणि उबेचा वाटा मोठा आहे. सूज असेल, जिना चढताना सांधा अडकत असेल तर डॉक्टरांना दाखवा, तेलावर दिवस काढू नका.

मुलाला अजिबात नको. जिरॅनिऑलने डास दूर राहतात हे खरं, पण थोडा वेळच, आणि या वयाची मुलं पाय धरून तोंडात घालतात. मच्छरदाणी लावा. डिफ्यूझरमध्ये मोतिया छान लागतं: तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी किलकिली, मूल दुसऱ्या खोलीत. घरात मांजर असेल तर तेही करू नका.

गौरी_पुणे: मांजर नाही, सासूबाई आहेत 😄 त्यांच्यासाठी गावाकडूनच मागवते. भेसळ कशी ओळखायची?

तळोद्याचा_भाऊ: कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवा. चोख असेल तर उडून जाईल. शेंगदाण्याचं नाहीतर खोबरेल मिसळलं असेल तर तेलकट डाग राहतो. टर्पेंटाइन मात्र कागदावर सापडत नाही, तेही उडतं. तिथे बाटली सासूबाईंच्या नाकाखाली धरा. आणि प्लास्टिकच्या बाटलीत आलं तर लगेच गडद काचेच्या बाटलीत ओता.