खड्डा खणला की प्रश्न मिटतो?
उघड्यावरच्या शौचाच्या घाणीमुळे फुकट कॅम्पिंगच्या जागा बंद करण्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतं, "खड्डा खणून पुरलं की झालं, जागा बंद करायची काय गरज?" हा मुद्दा निम्माच बरोबर आहे. 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा, पाणी, तंबू आणि पायवाटेपासून किमान 60 मीटर लांब, हे जंगलातल्या काळ्या, ओलसर मातीत चालतं. जास्त खोल गेलात तर कुजवणारे जीवाणू कमी होतात. वाळवंटी मातीत ते मुळातच विरळ. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या वाळवंटी मोआबजवळ म्हणूनच बऱ्याच जागी स्वतःचं टॉयलेट सोबत नेणं सक्तीचं आहे.

खरी गोची गाडी थेट पोचते अशा फुकट कॅम्पिंगच्या जागांची. आडोशाचं झुडूप एकच, खड्ड्यावर खड्डे. वर वेट वाइप्स! त्यातल्या बऱ्याच प्लास्टिकच्या धाग्यांच्या असतात, पुरून कुजत नाहीत.

त्यापेक्षा टॉयलेट म्हणून घट्ट झाकणाची 20 लिटरची बादली घ्या, आत जेल-पावडरची (ओल शोषून घट्ट करणारी) दुहेरी पिशवी. लघवी शक्यतो वेगळी, नाहीतर पिशवी भराभर भरते. बंद पिशवी कचरापेटीत टाका (स्थानिक नियम बघून), पण व्हॉल्ट टॉयलेटमध्ये (खाली बंद टाकी असलेलं, बिनपाण्याचं शौचालय) अजिबात नको: उपसणाऱ्या टँकरचा पाइप तुंबतो. कॅसेट टॉयलेट (काढता येणाऱ्या टाकीचं) मात्र डंप स्टेशनवरच, म्हणजे अशा टाक्या ओतायच्या ठरलेल्या जागीच, रिकामं करायचं.