मुलीला चित्रपटनिर्मितीच्या पदवीला घालावे का?

सातरस्ता (धागाकर्ता)

माझी मुलगी यंदा बारावी झाली. कॅमेरा, ध्वनिमुद्रण आणि संकलन प्रत्यक्ष हाताने करून शिकवणारा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम तिला करायचा आहे. घरात दोन तट पडले आहेत. माझे वडील आणि थोरले बंधू म्हणतात की ही विद्या शूटिंगच्या जागी पडेल ते काम करतच अंगी येते, त्यासाठी विद्यापीठाची फी भरण्याची गरज नाही. तिला पाठवावे असे माझे मत आहे, आणि ते कशावरून बनले ते सांगतो.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. गेल्या दिवाळीत मुलीने मैत्रिणींना घेऊन तिथे मोबाइलवर आठ मिनिटांची एक कथा चित्रित केली. टॉवेल विणणारी आई आणि शाळा सोडू पाहणारा तिचा मुलगा यांचा संवाद होता. मुलांनी चालू मागांशेजारी उभे राहून संवाद म्हटले. घरी येऊन पाहिले तर खडखडाटात एक शब्द कळेना, आणि ट्यूबलाइटमुळे चित्रावर आडवे काळे पट्टे सरकत होते. पंधरा दिवस शोधाशोध केल्यावर तिला कळले की आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि कॅमेऱ्याचे शटर (दर चित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले की पट्टे जातात. आवाजाचे उत्तर मात्र तिला सापडलेच नाही. ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्या एका परिचिताने ते दोन मिनिटांत सांगितले: संवादाच्या वेळी माग बंद ठेवा, नटांना माग चालू असल्यासारखे मोठ्याने बोलायला लावा, मागांचा आवाज वेगळा मुद्रित करा आणि संकलनात संवादाखाली बसवा.

चूक झाल्याबरोबर ती दाखवणारा माणूस शेजारी असणे, यालाच मी शिक्षण समजतो. जाणकारांनी मते द्यावीत.

शूटिंगवाला

काका, मी सोलापूर आणि पुण्यात वीस वर्षे कॅमेरा चालवतो आहे. माझा विरोध आहे आणि तो साध्या हिशोबावर आधारलेला आहे. प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे सत्रात ३० तास. चार क्रेडिटचा विषय धरला तर १२० तास होतात. वर्गात तीस मुले आणि चालू स्थितीतला कॅमेरा एकच असेल, तर एका मुलाच्या हाती तो सबंध सत्रात चार तास येतो. एवढे तर मी मदतनिसाला पहिल्याच लग्नात देतो. ही अतिशयोक्ती नव्हे. एका महाविद्यालयात मी पाहुणा म्हणून शिकवायला गेलो होतो (नाव घेत नाही), तेथे कॅमेरा कपाटात कुलूपबंद होता, किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे होती, आणि मला फळ्यावर लेन्सची चित्रे काढून वेळ निभवावी लागली.

व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल ही माणसे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या चित्रपट कंपनीत त्यांच्या हाताखाली तयार झाली आणि १९२९ मध्ये त्यांनी भागीदारांसह प्रभात ही चित्रपट कंपनी उभी केली. त्यांच्यापाशी पदवी नव्हती. तीन वर्षांच्या फीमध्ये मुलीला एक बरा कॅमेरा, ध्वनिमुद्रक आणि संकलनाचा संगणक घेऊन द्या, आणि तिला एखाद्या चमूबरोबर पाठवा.

जोडभावी

मुलगी अनोळखी चमूबरोबर रात्री-बेरात्री शूटिंगला जाणार, हे बोलायला जितके सोपे आहे तितके आमच्यासारख्या घरांत सोपे नाही. विद्यापीठात निदान वसतिगृह, हजेरी आणि तक्रार करायला एक जागा असते. एवढ्यासाठीच माझे मत पदवीच्या बाजूने आहे.

किल्लाबाग

मी माध्यमांचा विषय शिकवते. शूटिंगवाले दादा, आपल्या हिशोबात तीस मुले कॅमेऱ्यासाठी रांगेत उभी आहेत; प्रत्यक्षात ती पाच-सहा जणांच्या गटांत काम करतात. एक जण कॅमेऱ्यावर असतो तेव्हा दुसरी बूम (लांब काठीवरचा माइक) धरते, तिसरा प्रकाश लावतो, चौथी कोणत्या शॉटमध्ये नटाच्या कोणत्या हातात पेला होता याची नोंद ठेवते. ही नोंद ठेवणारी मुलगीच पुढे संकलनात सर्वांत आधी तयार होते, असे मी वर्षानुवर्षे पाहते आहे.

पेंटरांचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. त्यांची कंपनी मुळात शाळाच होती. उमेदवार वर्षानुवर्षे तिथे राहून शिकत. आज चमू दिवसाच्या भाड्यावर जमतो आणि संध्याकाळी पांगतो, त्यामुळे नवशिक्याला शॉट का फसला हे समजावून सांगायला कोणापाशी वेळ नसतो. प्रभात बंद पडल्यावर पुण्यातील तिच्याच आवारात १९६० मध्ये सरकारने चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली, ती याच गरजेतून, असे मी मानते. आणि आपल्याच करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरला संज्ञापन (कम्युनिकेशन) शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केला, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ठरलेल्या तारखेला पूर्ण चित्रपट दाखवण्याची सक्ती आणि तो पाहून तोंडावर दोष सांगणारे वीस सहाध्यायी, या दोन गोष्टी कॅमेऱ्याच्या खोक्यातून मिळत नाहीत.

शूटिंगवाला

मंजुळे यांनी त्याआधी मराठीत एम. ए. केले होते आणि ते कविता लिहीत होते, हेही लक्षात घ्यावे. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे जे होते ते जेऊरने दिले. परंतु तारखेच्या सक्तीचा आपला मुद्दा मी मान्य करतो. माझ्याकडची कितीतरी हुशार पोरे स्वतःची अर्धवट चित्रीकरणे हार्ड डिस्कमध्ये ठेवून वर्षानुवर्षे लोकांची लग्ने करत राहिली आहेत, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते.

तरीही कपाटाच्या किल्लीचा प्रश्न उरतोच. काका, माहितीपत्रकावर जाऊ नका. चालू कॅमेरे किती, ते मुलांना रात्रभर घरी नेऊ देतात का, पडून बिघडला तर भरपाई कोणी करायची, आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेले चित्रपट दाखवाल का, हे विचारा. चित्रपट दाखवायला कोणी टाळाटाळ केली तर तिथून परत या.

सातरस्ता (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. वडिलांना हे प्रतिसाद वाचून दाखवले. ते तीस वर्षे माग चालवत आले आहेत. त्यांनी चर्चेवर मत दिले नाही, मुलीचे दुसऱ्यांदा केलेले चित्रीकरण मात्र पुन्हा लावायला सांगितले. त्यात माग बंद ठेवून मोठ्याने म्हटलेले संवाद स्वच्छ ऐकू येतात. ते पाहून वडील म्हणाले की आवाज आता नीट आहे पण बाई खोटी आहे, कारण चालू मागापुढे कोणी वाक्येच्या वाक्ये बोलत नाही. आम्ही ओठ बघतो, हात करतो आणि फार तर एक शब्द ओरडतो. मुलीने वही आणून ते लिहून घेतले आणि संवाद निम्मे करायचे ठरवले.

सोमवारी आम्ही तिघेही विद्यापीठातील हा विभाग पाहायला जाणार आहोत. किल्ली कोणाकडे असते, हे वडील स्वतः विचारणार आहेत.