शब्दचर्चा: रहस्यभेद की रसभंग? मालिकांच्या भागांवर लिहिताना अडणारे शब्द

अधोरेखा
विज्ञानकथा आणि गुन्हेकथा या दोन्ही प्रकारच्या मालिकांचे नवे भाग आले की मी त्यांच्यावर लिहिते. पाहणं सोपं, मराठीत लिहिणं अवघड. सध्या अडलंय ‘स्पॉयलर’पाशी, म्हणजे कथेतलं गुपित आधीच सांगून टाकण्यापाशी. बरेच जण परीक्षणाच्या वरती ‘रहस्यभेद आहे’ असा इशारा टाकतात. मला तो शब्द खटकतो. आणि ‘सीझन’ला पर्व म्हणायचं की हंगाम?

तळटीप
खटकतो कारण रहस्यभेद हे तपास करणाऱ्याचं काम आहे, परीक्षण लिहिणाऱ्याचं नव्हे. सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवून ‘खुनी तुमच्यातच आहे’ म्हणतात ना, तो रहस्यभेद. तो कथेच्या आत घडतो. तीच गोष्ट तुम्ही आधी सांगून टाकलीत तर होतो तो रसभंग.

कोलंबो नावाच्या पोलीस तपासनिसाची ‘कोलंबो’ ही अमेरिकी मालिका आठवा. १९६८च्या पहिल्या दूरचित्रपटापासून त्यात खून कोणी केला आणि कसा केला हे सुरुवातीलाच दाखवतात. काही अपवाद सोडले तर सगळ्या भागांचा साचा तोच. म्हणजे भेदायला रहस्य शिल्लकच नाही. तरीही कोलंबोने नेमकं कशावरून पकडलं हे परीक्षणात लिहिलंत, तर पाहणाऱ्याच्या हाती काय उरलं? म्हणून रसभंग. आणि त्याच कारणाने कोलंबोला सरसकट ‘रहस्यमालिका’ म्हणू नये, ती तपासकथा आहे.

काकपद
‘रहस्यभेद’ नको याच्याशी सहमत, पण रसभंग फार ऐसपैस शब्द आहे. मध्ये जाहिरात आली तरी रसभंग होतो, शेजारचा घोरायला लागला तरी होतो. बोलताना आपण ‘फोडणे’ म्हणतोच की! पेपर फुटतो, बातमी फुटते, बिंग फुटतं. ‘शेवट फोडू नका’ हे कुणालाही कळतं.

तळटीप
‘फोडणे’ एकदम मान्य. फक्त ‘शेवट’ नको. ‘ट्विन पीक्स’मध्ये खुनी कोण हे दुसऱ्या पर्वाच्या पूर्वार्धातच कळतं आणि मालिका त्यानंतर बरीच पुढे चालते. तिथे फुटतं ते गुपित, शेवट नव्हे. ‘पुढे कथा फोडली आहे’ असा इशारा द्या, नाम हवं असेल तेव्हा रसभंग वापरा.

अनुस्वार
पर्व. हंगाम पिकांचा आणि क्रिकेटचा, ठरल्या वेळी येणारा. अमेरिकी वाहिन्या शरद ऋतूत मालिका सुरू करून उन्हाळ्याच्या तोंडावर संपवत, तेव्हा तिथे ‘सीझन’ला अर्थ होता. आता दोन पर्वांमध्ये तीन वर्षंही जातात, कसला हंगाम? ब्रिटिश लोक तर त्यालाच ‘सिरीज’ म्हणतात. ‘सिरीज २’चं भाषांतर कुणी ‘दुसरी मालिका’ केलं की वाचणाऱ्याला वाटतं ही वेगळीच मालिका आहे.

‘पर्व’वर एकच आक्षेप ऐकलाय. महाभारताची १८ पर्वं एकच कथा पुढे नेतात, ‘ट्रू डिटेक्टिव्ह’सारख्या मालिकेत मात्र दर पर्वात कथा नवी, पात्रंही नवी. पण एवढं ताणायचं ठरवलं तर एकही शब्द टिकणार नाही.

त्यापेक्षा ‘भाग’ हा शब्द जास्त गोंधळ घालतो. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चं तिसरं पर्व जून १९९०मध्ये अर्ध्यावर सोडलेल्या कथेने संपलं, उरलेली कथा सप्टेंबरमध्ये चौथ्या पर्वाच्या सुरुवातीला आली. एका परीक्षणात त्याचं वर्णन ‘सव्विसाव्या भागाचा पहिला भाग’ असं वाचलं आणि मी तिथेच थांबलो. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध हे शब्द आपल्याकडे आहेत की.

अधोरेखा
पूर्वार्ध-उत्तरार्ध झकास! विज्ञानकथांबद्दलही विचारून घेते. ‘दुसऱ्या आकाशगंगेतून आलेले परग्रहवासी’ असं लिहिलं तर चालतं ना?

अनुस्वार
चालतं, पण चालू नये. आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचं नाव आहे. ‘गॅलेक्सी’ या प्रकाराला मराठी खगोलशास्त्रात दीर्घिका म्हणतात. देवयानी ही दुसरी दीर्घिका, ‘दुसरी आकाशगंगा’ नव्हे.

हा नुसता शुद्धलेखनाचा हट्ट नाही, त्याने कथा बदलते. ‘व्हॉयेजर’ या १९९५च्या मालिकेतलं यान घरापासून ७० हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं जातं आणि कमाल वेगानेही परतायला त्याला सुमारे ७५ वर्षं लागणार असतात. ‘दुसऱ्या आकाशगंगेत अडकलेलं यान’ असं याचं वर्णन सर्रास होतं. यान आहे आपल्याच आकाशगंगेत, फक्त पार दुसऱ्या टोकाकडे. दुसऱ्या दीर्घिकेत असतं तर अंतर लाखो प्रकाशवर्षांचं झालं असतं आणि ‘या जन्मात पोहोचू का’ हा ताण उरलाच नसता. (आणि कृपा करून ‘कित्येक प्रकाशवर्षं उलटली’ लिहू नका. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. ते उलटत नाही.)

काकपद
गुन्हेकथांतली माझी तक्रार: तिसऱ्याच भागावर लिहिताना लोक पात्राला बिनधास्त ‘गुन्हेगार’ म्हणून मोकळे होतात. ज्याच्यावर संशय तो संशयित, ज्याच्यावर आरोप ठेवला तो आरोपी, न्यायालयाने ठरवला तो दोषी. मालिकेतला तपास अधिकारी हे शब्द तोलून वापरतो आणि परीक्षक नाही, हे विचित्र आहे.

जाता जाता, ‘रेड हेरिंग’ला, म्हणजे मुद्दाम चुकीच्या माणसाकडे नेणाऱ्या धाग्याला, ‘चकवा’ कसा वाटतो? चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच शिवारात फिरत राहतो, तसंच तपासाचं होतं.

अधोरेखा
शब्द सुरेख आहे, पण दर आठवड्याला लिहिणाऱ्याला तो वापरता येईल का? तिसऱ्या भागानंतर ‘शेजारी हा चकवा आहे’ लिहिलं तर दोनच शक्यता. मला पुढचे भाग आधी पाहायला मिळालेत आणि मी कथा फोडतेय, किंवा मी ठोकून देतेय.

तळटीप
बरोबर. चकवा होता हे त्यातून बाहेर पडल्यावरच कळतं, म्हणून तो शब्द पर्व संपल्यानंतरच्या लेखासाठी ठेवा. मधल्या भागांसाठी ‘संशयाची सुई’ आहे. ती आज शेजाऱ्याकडे वळली, एवढंच तुम्ही म्हणता. उद्या दुसरीकडे वळली तरी तुमचं वाक्य खोटं ठरत नाही.

‘कलाटणी’ही जपून वापरा. ‘शेवटच्या पाच मिनिटांत जबरदस्त कलाटणी’ असं लिहिलंत की वाचणारा तो भाग घड्याळाकडे बघत पाहतो. काय घडलं ते सांगितलं नाहीत, तरी कथा निम्मी फुटलीच.

काकपद
+१. आणि भागात काय काय घडलं तेवढंच क्रमाने लिहिलं असेल तर त्याला परीक्षण म्हणू नका, गोषवारा म्हणा. निम्मी ‘परीक्षणं’ गोषवारेच असतात.

अधोरेखा
शेवटचं एक. ‘पायलट’ला, म्हणजे वाहिनीच्या पसंतीसाठी आधी बनवलेल्या भागाला, ‘पहिला भाग’ म्हटलं तर?

अनुस्वार
नेहमी जमणार नाही. मूळ ‘स्टार ट्रेक’साठी असे दोन भाग बनले. पहिला वाहिनीने नाकारला. दुसरा पसंत पडला, पण ८ सप्टेंबर १९६६ला मालिका सुरू झाली ती तिसऱ्याच कथेने, आणि तो पसंत पडलेला भाग दोन आठवड्यांनी दाखवला गेला. ‘नमुना भाग’ म्हणा. ‘पथदर्शी’ सरकारी प्रकल्पांना राहू दे.