‘सातवी शिकलेला’ म्हणून वसंतदादांना हिणवू नका

चाटीगल्ली:
काल इथे वसंतदादा पाटलांवर एक ओळ वाचली: "सातवी शिकलेल्या माणसाने इंजिनिअरिंगचा बाजार मांडला. तुरुंग फोडल्याचं भांडवल अजून किती दिवस?" रात्रभर डोक्यातून गेली नाही, म्हणून लिहितोय.

भांडवल कसलं? २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग दिवसाढवळ्या फोडला. पुढे पुराची कृष्णा, मागे पोलीस. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव तिथेच मारले गेले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली. तेव्हा वय पंचवीस. पुन्हा पकडले गेले, सुटले ते १९४६ ला.

निदान सोलापूरकराने तरी असं लिहू नये. १९३० चा इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, आपल्या गावाने सोसलाय. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर चढले. ते कारभार करायला उरले नाहीत. दादा उरले, म्हणून त्यांच्याकडे हिशेब मागता येतो. मागा की. पण सातवीवरून नको.

कडकभाकरी:
ती ओळ माझी. खांद्यातल्या गोळीबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. माझा प्रश्न १९८३ चा आहे. दादा मुख्यमंत्री असताना खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी कुणी दिली? ज्यांच्या हातात साखर कारखाने, बँका, सूतगिरण्या होत्या त्यांच्याच हातात कॉलेजंही गेली. गोळी झेलली म्हणून त्या सहीबद्दल बोलायचंच नाही का?

रातपाळी:
१९८३ च्या आधी काय होतं ते माहीत आहे का मालक? सरकारी म्हणजे पुणे, कराड, औरंगाबाद, अमरावती. जागा मोजक्या. सोलापूरची पोरं डोनेशन भरायला गुलबर्गा, विजापूर गाठायची. पैसा जायचाच, फक्त कर्नाटकात जायचा. आपल्या गावात वालचंदचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं ते त्याच १९८३ साली. त्याआधी इंजिनिअर व्हायचं तर गाव सोडावं लागायचं, आणि मुलींना कोण सोडत होतं? माझी थोरली बहीण बारावीला गणितात पहिली होती. घरीच राहिली.

कडकभाकरी:
आता माझ्या घरचं ऐका. वडील गिरणीत साचेवाले. मला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात घेतलं. पावती फीची मिळाली, त्याच्या कितीतरी पट रक्कम पावतीशिवाय गेली. आईच्या पाटल्या सराफाकडे गेल्या त्या दिवशी मी सोबत होतो. सराफाने तेल लावून हळूहळू काढल्या, कारण लग्नापासून त्या हातातून निघाल्याच नव्हत्या. मनगटावर पांढरा पट्टा उरला होता. आणि कॉलेजात वर्कशॉपच्या नावाने पत्र्याची शेड, तीन लेथ, त्यातला एक चालू. मी कुणावर चिडू?

रातपाळी:
त्या संस्थाचालकावर चिडा. परवानगी देणं आणि पावतीशिवाय पैसे घेणं यात फरक आहे.

कडकभाकरी:
फरक कायद्याने करायचा असतो. देणगीबंदीचा कायदा आला १९८७ ला. दादा १९८५ च्या जूनमध्येच पायउतार झाले होते. आधी दार उघडलं, चार वर्षांनी कुलूप शोधायला निघाले. कमी फीच्या ‘फ्री सीट’ आणि जास्त फीच्या ‘पेमेंट सीट’ तर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ ला सांगितल्यावर आल्या.

पूर्वभाग:
त्याच फ्री सीटवर मी शिकलो. घरात चादरीचे दोन लूम, खटखट रात्री अकरापर्यंत. मी कानात कापूस घालून अभ्यास केला. पण कॉलेजच नसतं तर फ्री सीट कुठून आली असती? सरकार स्वतः शंभर कॉलेजं काढणार नव्हतं.

कडकभाकरी:
का नव्हतं? तिजोरी रिकामी होती हे मला कुणी दाखवलेलं नाही.

उजनीकाठ:
तुम्ही सगळे कॉलेजातच अडकलात. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. दादा त्याच सुमारास पाटबंधारे मंत्री झाले. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हणणारा तो माणूस. आमच्या जिल्ह्यात उजनी धरण भरलं तरी शहराचा नळ रोज येत नाही. खरं म्हणजे यावर बोला.

चाटीगल्ली:
नळाचं दुखणं मलाही आहे भाऊ, पण ते स्वतंत्र लिहा, मी येतो तिथे.

कडकभाकरी, चार वर्षांचा मुद्दा मला खोडता येत नाही. १९८३ ला परवानगीबरोबरच देणगीला आळा घालणारा कायदा हवा होता. राज्याचा प्रमुख म्हणून ती जबाबदारी दादांचीच, हे मान्य करायला जड जातंय, पण करतो. मात्र सातवीचा संबंध काय? पद्माळ्याच्या शेतकऱ्याच्या पोराने शाळा सोडली आणि चळवळीत उडी घेतली. पदव्या घेतलेल्या किती जणांनी तेव्हा सरकारी नोकरी सोडली?

रातपाळी:
आणि ‘बाजार’ हाही शब्द मागे घ्या.

कडकभाकरी:
‘सातवी शिकलेला’ मागे घेतो. माझे वडील चौथी शिकलेले होते, ते वाचायला असते तर मला लाज वाटली असती. तुरुंगाबद्दल जे लिहिलं तेही चुकलं. ‘बाजार’ मागे घेणार नाही. पाटल्या परत आल्या नाहीत.