ई-फायलिंगला विरोध म्हणजे आळस?

तालुक्याचा वकील
"जिल्हा न्यायालयांनी कागदावरचे दावे घेणे आजच थांबवावे, विरोध करणारे वकील केवळ आळशी आहेत," हे येथील एका पुणेकर सदस्याचे मत वाचून उत्तर देणे भाग पडले. ई-फायलिंगमध्ये, म्हणजे दावा ऑनलाइन दाखल करताना, शेवटच्या दिवशी सर्व्हर बंद पडला, तर दावा दाखल करण्याची कालमर्यादा ठरवणाऱ्या मुदत कायद्याचे कलम 4 न्यायालय बंद असेल तरच वाचवते, आणि कलम 5 ची विलंबमाफी मूळ दाव्याला मुळीच मिळत नाही. यंत्र बिघडले म्हणून पक्षकाराने हक्क गमवावा काय?

पुणेकर
विद्वान मित्रांनी कलम 4 चे स्पष्टीकरणही वाचावे. कामकाजाच्या वेळेत न्यायालय काही काळ जरी बंद राहिले, तरी ते त्या दिवशी बंद मानले जाते. शिवाय शेवटच्या दिवसापर्यंत थांबायला सांगितले कोणी? सर्वोच्च न्यायालयात ई-फायलिंगची सोय 2006 पासून आहे.

तालुक्याचा वकील
न्यायाधीश आसनावर आहेत, शिरस्तेदार टेबलाशी आहेत आणि केवळ पोर्टल निपचित आहे, याला 'न्यायालय बंद' म्हणणारा निकाल दाखवा. पक्षकार शेवटच्या दिवशी येतो, कारण तोवर भावकीत तडजोडीची बोलणी चालू असतात. दिल्लीचे दाखले आम्हाला देऊ नका.

निवृत्त लिपिक
सर्व्हरचे काय घेऊन बसलात, खरा घोळ फॉण्टचा आहे. जुन्या फॉण्टमध्ये टंकलेखन केलेला दावा पीडीएफमध्ये सुबक दिसतो, परंतु त्यात गट नंबराशेजारचे गावाचे नाव शोधू गेल्यास काहीच सापडत नाही, कारण आत युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना कळणारी अक्षरांची प्रमाण संकेतपद्धती, नसून रोमन चिन्हांची खिचडी असते. टंकलेखकांनी हट्ट सोडावा.

टंकलेखिका
हट्ट? रेमिंग्टन मांडणीवर, म्हणजे जुन्या टंकयंत्राच्या कळांच्या रचनेवर, आमचा हात बसलेला आहे आणि त्याच मांडणीने युनिकोडमध्येही लिहिता येते, हे आम्हाला एकाही प्रशिक्षणात कोणी सांगितले नाही. माझ्या भाच्याने ते बसवून दिले. आपण खुर्चीवर असताना एक परिपत्रक तरी काढून घ्यायचे होते.

निवृत्त लिपिक
परिपत्रके लिपिक काढत नसतो, बाई.

पुणेकर
फॉण्टचे भांडण स्वतंत्रपणे चालवावे. पोर्टलवर दाखल केल्यानंतर पुन्हा कागदी संच मागणे गैर आहे, एवढे मी मान्य करतो. आपल्याला तेवढ्याने विजय वाटत असेल, तर खुशाल घ्यावा.

तालुक्याचा वकील
विजय नको. पोर्टल किती वाजता बंद पडले याची नोंद रोज जाहीर करा आणि त्या दिवशी संपणारी मुदत पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत वाढेल असा स्पष्ट नियम करा. त्यानंतर मला आळशी म्हणा.